बुडबुडा मधोमधच होता

व्हर्लिन हॉलबर्ग जुना कॅम्पर बघायला निघाला तेव्हा त्याने सोबत सपाटी बघायची बुडबुड्याची पाणसळ घेतली, टॉर्च घेतला आणि बायकोला घेतलं. या तिघांतलं खरं हत्यार कोणतं, हे पाइन फोर्कमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आर्डिस हॉलबर्ग गावच्या लाकूड गिरणीत प्रतवारीला होती. समोरून फळ्या सरकत जायच्या. तिने एकेकीचं टोक उचलून, डावा डोळा मिटून, उजव्याने कडेवरून नजर टाकायची आणि निळ्या मेणखडूने खूण करायची: ही पहिल्या प्रतीची, ही दुसऱ्या, ही जळणात. एकदा रंध्याच्या यंत्रातून येणारी प्रत्येक फळी ती बाद करत सुटली. फोरमनने जाडी मोजायचं गेज लावून दाखवलं, सगळं बरोबर होतं. आर्डिस म्हणाली, "मग गेज बाद कर." दुपारी यंत्र खोललं, तर आतली पट्टी केसभर सरकलेली निघाली, आणि गेज पहिल्यापासून चुकीचं लावलेलं. त्या दिवसापासून गिरणीत म्हण पडली, गेज खोटं बोलेल, आर्डिस बोलणार नाही. पुढे गिरणी बंद पडली, गिरणीच्या आवारात गुडघाभर गवत वाढलं, पण म्हण काही मेली नाही. दुकानात कुणी वजनावरून हुज्जत घातली की लोक हसत म्हणायचे, "आर्डिसला बोलवा."

व्हर्लिन त्याच गिरणीत माडीवर बसून करवतीच्या पात्यांना धार लावायचा. मुळातच माणूस मोजकं बोलणारा, आणि जे काही बोलायचा ते पात्यांच्या किंकाळीने गिळलं. म्हणीवर जगात सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल तर त्याचा. बायकोचा अभिमान तोंडाने सांगणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो तिचं ऐकायचा. आमच्याकडच्या बऱ्याच नवऱ्यांचं प्रेम एवढ्यावरच चालतं, आणि वाईट चालत नाही.

कॅम्पर घ्यायचं खूळ आर्डिसचं. लॉस्ट हॉर्स डोंगराच्या धारेवर टॅमरॅकची झाडं आहेत. दिसायला पाइनसारखी, पण ऑक्टोबरात त्यांच्या सुया पिवळ्या होतात आणि गळून पडतात. सकाळचं पहिलं ऊन त्या धारेवर पडतं तेव्हा सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसतो, असं झाडं तोडायला जाणारे लोक सांगायचे. आर्डिसने त्याच धारेवरच्या लाकडाची जन्मभर प्रतवारी केली आणि धार कधी पाहिली नाही. ऑक्टोबर म्हणजे गिरणीचा घाईचा महिना. गिरणी गेली तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, आणि शाळेलाही ऑक्टोबरात सुट्टी नसते. निवृत्त झाली तोवर पाठ गेली होती, तंबूत जमिनीवर झोपणं शक्य नव्हतं. वरपर्यंत रस्ता खडकाळ, चढायलाच अर्धा दिवस, म्हणजे सकाळचं ऊन बघायचं तर मुक्काम हवाच.

"जन्मभर आडवी झाडं बघितली, व्हर्ल," ती म्हणाली. "एकदा उभी बघू दे."

कॅम्पर रॉय टिबेट्सचा होता. रॉय हरणांच्या शिकारीला जायचा, पण गुडघ्यांनी त्याला घरी बसवला होता. त्याच्या खळ्यात कॅम्पर चार जॅकवर उभा होता, पिकअपच्या हौद्यात बसेल असं चाकं नसलेलं एक खोलीएवढं खोकं. आत चूल, मोरी, दोन बाकं, आणि पुढे, पिकअपच्या टपावर येईल अशी झोपायची जागा. उंदरांनी एका कपाटात संसार थाटला होता. आर्डिस एकेका कोपऱ्यात अंगठा दाबत फिरली. टपावरच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा आत गेला तशी तिने पिशवीतून निळा खडू काढला आणि तिथे फुली मारली.

"बाई, कॅम्पर आहे माझा, फळी नाही," रॉय म्हणाला.

"फळ्यांचाच केलाय ना?"

रॉयने व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिन टॉर्च लावून छत बघत होता. असल्या वेळी छताकडे बघावं हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकला होता. शेवटी त्या फुलीपायी रॉयने किंमत उतरवली, वर गॅसची एक टाकीही दिली.

नवशिक्याचा खरा घाम पुढे निघतो. पिकअपचं मागचं फाळकं काढायचं, कॅम्पर जॅकवर उचलायचा, आणि गाडी उलटी त्याच्याखाली घालायची. दोन्ही बाजूंना जेमतेम तळहाताएवढी जागा. आमच्याकडे या कामात जोडपी एकमेकांना काय काय बोलतात ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नसतं. हॉलबर्गांचं एका दमात झालं. आर्डिस मागे उभी राहून हात हलवत होती, डावीकडे, आणखी, बस्, सरळ ये, आणि व्हर्लिन आरशात फक्त तिच्याकडे बघत होता, गाडीकडे नाही. रॉय कुंपणाला टेकून पाहत राहिला आणि म्हणाला, "माझ्या बायकोने यापायी माहेर गाठलं होतं."

त्या वसंतात व्हर्लिनने कॅम्पर घरी जॅकवर उतरवून टपाचा कुजका कोपरा कापून काढला, नवं लाकूड बसवलं, छताच्या सगळ्या फटी भरल्या, उंदरांना हाकललं. मे संपता संपता सगळं तयार झालं. आर्डिसने पडदे शिवले, कपाटात दोन बशा, दोन कप मांडले आणि बाकावर बसून बघितलं. मग सवयीने डावा डोळा मिटला आणि वरच्या कपाटाच्या कडेवरून नजर टाकली.

"व्हर्ल, ही कड मधेच पोटात गेलीय. वाकलीय."

व्हर्लिनने कपाटाच्या कडेवर पाणसळ ठेवली. ती फट न ठेवता बसली. बुडबुडा मधोमध. त्याने ती उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा मधोमध. तो बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिला, मग त्याने बायकोकडे बघितलं. तिने कडेवर निळ्या खडूने बादची खूण केली होती, हसतच, जुन्या दिवसांच्या आठवणीने.

त्याने पाणसळ बाजूला ठेवली आणि पेचकस उचलला.

कपाट उतरवून पुन्हा बसवलं. कड अजून वाकडीच, आर्डिस म्हणाली. मग दोष मागच्या भिंतीत असणार. भिंतीचं प्लायवूड उकललं, तर आत खरोखरच लाकूड काळं पडलेलं. जुन्या कॅम्परची कुठलीही भिंत उघडा, काळं लाकूड निघतंच, हे व्हर्लिनला कळायला हवं होतं. पण त्याला तिथे म्हणच खरी झालेली दिसली. बघ, आर्डिसला दिसलं, पाणसळीला नाही. त्याने ती भिंत नवी केली, मग तिच्याशी जुळावी म्हणून समोरची, मग दाराची चौकट, कारण दारही तिला लाटेसारखं दिसत होतं. जितकं तो सरळ करी तितकं तिला वाकडं दिसे, आणि जितकं तिला वाकडं दिसे तितका तो खोल शिरे. अख्खा उन्हाळा कॅम्पर ताडपत्रीखाली हाडं उघडी टाकून उभा होता.

"राहू दे रे," आर्डिस म्हणायची. "वाकडं तर वाकडं. झोपायचंच आहे त्यात."

"तुझी खूण आहे त्यावर," तो म्हणायचा. एवढंच.

त्याचं म्हणणं त्याच्या परीने बरोबर होतं. डोळे उघडताच जिला समोर वाकडी कड दिसणार, तिला तशा कॅम्परमध्ये न्यायचं कसं? त्याच सुमारास आर्डिस वर्तमानपत्राला शिव्या देऊ लागली, की यांनी छपाई बिघडवलीये, ओळी नाचतायत. व्हर्लिनने वर्तमानपत्रच बंद केलं.

ऑक्टोबरात गस आला. गस गिरणीतला जुना सोबती, तोंडाने फटकळ. कॅम्परभोवती एक फेरी मारून म्हणाला, "व्हर्लिन, झाडं तुझ्यासाठी थांबणार नाहीत. बायकोला पिकअपमध्ये घाल, दोन सँडविच घे आणि जा. दुपारचं ऊन तर दुपारचं ऊन."

"रविवारपर्यंत होतंय."

"मागच्या रविवारीही तू हेच म्हणालास."

"दार राहिलंय फक्त."

गस आर्डिसकडे वळला. "तू तरी सांग याला."

"सांगितलं," आर्डिस म्हणाली. "पण कड वाकडी आहे हेही खरंच आहे." आणि नवरा-बायको दोघं हसली.

रविवारी बर्फ पडलं. लॉस्ट हॉर्सचा रस्ता बंद झाला तो झालाच. आर्डिस खिडकीशी उभी होती. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. तिला अजून बरंच दिसत होतं. टॅमरॅकची झाडं तिला नीट दिसली असती असा तो शेवटचा ऑक्टोबर होता, आणि तो त्यांनी एका दाराच्या चौकटीवर घालवला. या गोष्टीबद्दल व्हर्लिनला पुढे स्वतःची समजूत कधीच घालता आली नाही.

हिवाळा सरता सरता दार झालं. तेव्हाही आर्डिस म्हणाली, कड पोटात गेलीय, आधीपेक्षा जास्त. व्हर्लिन घरात गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी घेऊन आला. पात्यांची सपाटी तपासायची ती पट्टी, गिरणी बंद होताना तिथून त्याला मिळालेली. इतकी वर्षं त्याने तिला तेल लावून ठेवलं होतं. जगात काहीही वाकेल, पण ती पट्टी वाकणार नाही, हे त्याला स्वतःच्या नावासारखं पक्कं ठाऊक होतं. ती कडेला लावून फट किती आहे ते मोजायचं, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल, एवढाच त्याचा विचार होता. लावण्याआधी त्याने ती आर्डिसच्या हातात दिली.

तिने फळी धरावी तशी ती धरली, डावा डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली.

"व्हर्ल," ती म्हणाली, "तुझी पट्टी वाकलीय."

व्हर्लिनने वाकून पट्टी बघितली.

"कुठे पडली होती का? मधे बघ, खोलगट झालीय. आणि पुढे..." ती थांबली. पट्टी खाली घेतली. मग उजवा डोळा मिटून, कधी नव्हे ते डाव्याने पाहिलं. पुन्हा उजव्याने पाहिलं.

"सरळ आहे ना ती?" तिने विचारलं.

"सरळ आहे."

आर्डिसने पट्टी फडक्यात नीट गुंडाळली, टोकं आत खोचली आणि त्याच्या हाती दिली. मग बाकावर बसली आणि समोरच्या कपाटाकडे, नव्या भिंतीकडे, दाराकडे पाहत राहिली. एकेक करून काय काय उगाच उकललं गेलं ते ती बघत होती. व्हर्लिनला तो मे महिन्यातला बुडबुडा आठवला.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईने आर्डिससमोर चौकटीचा कागद धरला. चौकटी कशा दिसतायत म्हणून विचारलं. आर्डिसने फळीचे दोष सांगावेत तसं सगळं नेमकं सांगितलं, कुठली रेघ कुठे वाकते, कुठे तुटते, मधे कुठे काहीच नाही.

"हे कधीपासून असं दिसतंय तुम्हाला?"

"मे महिन्यापासून. एक डोळा मिटल्यावर कळायचं. दोन्ही उघडे असले की दुसरा सांभाळून घेत होता."

बाईंनी नीट समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, बरोबर मधोमध, रक्त झिरपतं. उजव्यात आता व्रण झालाय, तो तसाच राहणार. डाव्यातही सुरुवात झालीय. सुया देऊन बघू, काहींना लागू पडतात. कडेचं दिसणं जात नाही, मधलं जातं.

"लवकर आलो असतो तर?" व्हर्लिनने विचारलं. अख्ख्या भेटीत तो तेवढंच बोलला.

बाईंनी कागद खाली ठेवला. "ते आता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. सांगता येत असतं तेव्हाच डॉक्टर असं म्हणतात, हे व्हर्लिनलाही कळलं.

परतताना कितीतरी मैल गेल्यावर व्हर्लिनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बुडबुडा मधोमधच होता, आर्डिस. पहिल्याच दिवशी."

"माहितीये. मी पण बघितला होता."

"मी फिरवून पण बघितलं."

"बघितलंस ना? आणि तेव्हा तू म्हणाला असतास, की बाई, तुझेच डोळे बिघडलेत, तर मी तुला त्या कॅम्परमध्येच राहायला पाठवला असता." ती समोर बघत होती. "मला माझ्या डोळ्यांचा माज होता, व्हर्ल. तुला त्यांचा अभिमान होता. आपण दोघांनी मिळून केलं हे."

तिने एवढं वाटून घेतलं तरी व्हर्लिनच्या वाट्याचं काही कमी झालं नाही. ज्या एका गोष्टीवर त्याने जन्मभर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याच विश्वासाने तिचा घात केला. त्याच्या जागी एखादा वाद घालणारा, बायकोला नावं ठेवणारा नवरा असता, तर त्याने पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, चष्मा लाव. आणि तिचे डोळे वाचले असते. हे दुःख तो कुणाला सांगणार? गसला सांगून पाहिलं. गस, तोंडाचा एवढा फटकळ, डोक्यावरची टोपी काढून नुसता उभा राहिला.

डाव्या डोळ्याला सुया लागू पडल्या नाहीत. उन्हाळ्यापर्यंत आर्डिसला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. कान दिसत, खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी राखेचा डाग. ती कप शोधताना टेबलावरून हात सरकवत नेऊ लागली. एकदा मेणखडू हातात आला तो तिने नुसता वास घेऊन परत ठेवला. मग ऑक्टोबर लागला तेव्हा ती म्हणाली, "चल. आता त्यात काय सरळ करायचं राहिलंय?"

या वेळी गाडी मागे घ्यायला हात दाखवणारं कुणी नव्हतं. आर्डिसला व्हर्लिनने पायरीवर बसवलं. थोडी गाडी मागे घ्यायची, उतरायचं, बघायचं, चढायचं, पुन्हा घ्यायची. पहिल्यांदा हौद्याची कड जॅकला घासली. दुसऱ्यांदा तिरकी गेली. आरशात बघायची त्याला सवयच नव्हती. त्याला आरशात फक्त आर्डिसकडे बघायची सवय होती. आर्डिस आवाजावरून ओळखून म्हणाली, "डावीकडे जातोयस तू," आणि ते बरोबर निघालं. शेवटी कॅम्पर बसला, थोडासा तिरका. त्याने तो तसाच हुकांनी ताणून बांधला.

धारेवर ते संध्याकाळी पोचले आणि लवकर झोपले. सकाळी उजाडता उजाडता व्हर्लिनने तिला घोंगडी पांघरून कॅम्परच्या दारात उभं केलं. थंडीने दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. मग समोरच्या उतारावर ऊन आलं.

झाडं तोडायला जाणारे खोटं बोलत नव्हते. वरून खालपर्यंत डोंगर पेटत आला. व्हर्लिनला तो अख्खा दिसला, आणि दिसला याचंच त्याला वाईट वाटलं.

आर्डिस सरळ समोर बघत होती. मग तिने मान हळूच डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"बघायला गेलं की जातं," ती म्हणाली. "बाजूला बघितलं की कडेला काहीतरी पिवळं येतं. सांग ना, कसलं पिवळं आहे?"

व्हर्लिनने तोंड उघडलं. "पिवळं म्हणजे... पिवळं."

"व्हर्ल."

"तुझ्या मक्याच्या पावाचं," तो म्हणाला. "कडेचं. जरा जास्त भाजलं जातं तिथलं."

"हं." ती हसली. "आणि खाली?"

"खाली अजून सावली आहे. सुया पडतायत. वारा नसतानाही पडतायत."

ती बराच वेळ ऐकत राहिली, जणू त्या पडण्याचा आवाज येत होता. मग तिने घोंगडीतून हात बाहेर काढला. मुठीत निळा मेणखडू होता. तिने तो त्याच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"सगळ्यात जवळचं झाड कुठलं?"

"हे, पायरीसमोरचं. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं."

"सरळ आहे का? नीट बघून सांग. डावा डोळा मीट."

व्हर्लिनने डावा डोळा मिटला. बुंध्यापासून नजर वर नेली. अर्ध्यावर जाता जाता झाड हललं, मधेच पोटात गेलं, पुढे लाटेसारखं झालं, आणि सगळं पिवळं एकमेकांत मिसळलं. त्याने पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच.

"काय झालं?" आर्डिसने विचारलं.

"मला ते वाकडं दिसतंय," तो कसाबसा म्हणाला.

आर्डिसने चाचपडत हात वर नेला, त्याची हनुवटी सापडली, मग गाल. तिची बोटं त्याच्या आसवांनी ओली झाली. त्याने तोंड फिरवलं नाही, तिनेही बोटं मागे घेतली नाहीत.

"मग ते सरळच असणार," ती म्हणाली. "पहिल्या प्रतीचं. पुढचं सांग."